बाबा गावकावळा नव्हेत

बाबांच्या म्हाळाला वाटेल तो कावळा चालणार नाही, असं हरेश्वर घाडीने ठरवलं आणि तिथंच सगळी वाट लागली.

तसा हरेश्वर घाटकोपरच्या चाळीतला निरुपद्रवी माणूस. साकीनाक्याच्या एका कारखान्यात कारकून. पण साहेबाने टाकून दिलेलं पक्ष्यांचं एक सचित्र पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि तेव्हापासून हा गृहस्थ रस्त्यात मान खाली घालून चालू लागला. पिसं सापडतात म्हणून. मानेचं पीस राखाडी असेल तर गावकावळा. काळंकुळकुळीत असेल तर डोमकावळा. पंखाचं पीस मिळालं की पंचाईत, कारण पंख दोघांचेही काळेच. मग ते खिडकीतल्या उजेडात धरून हा बघत बसे. (त्याच्या बायकोने, वनमालाने, एकदा पापडाच्या डब्यात हात घातला आणि हाताला पिसं लागली. त्या दिवशी घरात काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.)

बाबा शिमग्यानंतर वारले. उभ्या जन्मात त्यांनी हरेश्वरला 'बरं केलंस' असं कधी म्हटलं नव्हतं आणि ही सल त्याच्या मनात फार खोल होती. तेव्हा पितृपक्षातलं पहिलं पान तरी असं वाढायचं की बाबांनी तृप्त होऊनच उठावं. आता बाबा रंगाने काळे, नाकाने जाड, आवाजाने घोगरे आणि चार माणसांत न मिसळणारे. म्हणजे येणार ते डोमकावळा होऊनच, यात हरेश्वरला शंका उरली नाही.

म्हाळाच्या दिवशी वनमाला पहाटेपासून राबत होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. बाबांची धाकटी बहीण अंजनाआत्या आली होती, बाबांचे जुने दोस्त भिकाजीकाका आले होते. कुंपणाच्या भिंतीवर पान ठेवलं आणि लगेच एक कावळा उतरला. कावळा पानाला शिवला की सगळे जेवायला मोकळे. भिकाजीकाकांनी तर पाट ओढलासुद्धा.

हरेश्वरने छत्री उगारून कावळा हाकलला.

"अहो, काय करताय?" वनमाला म्हणाली.

"मान बघ त्याची. राखाडी आहे."

"मग?"

"गावकावळा आहे तो. आपले बाबा नव्हेत."

"हरेश्वरा, कावळो तो कावळो," आत्या म्हणाली. "तेची मान कित्याक बघतंस? आणि दादा बारा म्हयने गळ्यात राखाडी मफलर घालून बसत होतो, ता इसारलंस?"

मुद्दा बिनतोड होता. पण मफलर हा पोशाख झाला, पिसारा नव्हे, असं हरेश्वरने आत्याला समजावून सांगितलं आणि दुसरा कावळा हाकलला. मग तिसरा. थोड्याच वेळात राखाडी मानेच्या समस्त कावळ्यांनी तारेवर सभा भरवली आणि एकाने येऊन हरेश्वरच्या टाळूवर चोच मारली. त्यानंतर सगळे उठून गेले ते गेलेच.

पान सुकायला लागलं.

"काहीतरी इच्छा राहिली असेल तुझ्या बापाची, रामचंद्राची," भिकाजीकाका पोटावरून हात फिरवत म्हणाले. "शब्द दे बघू त्याला."

हरेश्वरने हात जोडले. गावच्या घराची कौलं परतून घेईन म्हणाला. आत्याला दर गणपतीला लुगडं देईन म्हणाला.

"घरात कुकर यावा, अशी फार इच्छा होती मामंजींची," वनमाला हळूच म्हणाली.

हरेश्वरने कुकरही कबूल केला. आभाळ मोकळंच.

"डोमकावळेच पाहिजेत ना तुला?" भुकेने डोळे फिरलेले भिकाजीकाका शेवटी म्हणाले. "मग देवनारला जा. नवा कत्तलखाना झालाय ना, सगळे डोमकावळे तिथे ड्यूटीवर असतात."

काका वैतागून बोलले होते. हरेश्वरने पान परातीत ठेवलं, वर फडकं बांधलं, आणि कुणी अडवायच्या आत बस पकडली.

"काय आहे रे त्यात?" कंडक्टरने विचारलं.

"वडिलांचं जेवण."

"वडील देवनारला कामाला?"

"नाही. वारले. पण सध्या तिकडे असतात."

कंडक्टरने तिकीट लांबूनच दिलं.

देवनारच्या कत्तलखान्याच्या भिंतीवर डोमकावळे ओळीने बसले होते. मानेपासून शेपटीपर्यंत काळे, निळसर झाक मारणारे, जाडजूड चोचीचे. हरेश्वरचे डोळे भरून आले. त्याने पान मांडलं, हात जोडले. त्यातला सगळ्यात थोराड खाली उतरला, तिरका चालत आला, वड्याकडे एका डोळ्याने बघितलं, आणि लाथेने वडा बाजूला सारून परत आपल्या आतड्याच्या तुकड्याकडे गेला.

दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. पण बाबांनीही शाकाहारी ताटाकडे जन्मभर असंच बघितलं होतं! हरेश्वरची खात्रीच पटली. शिवाय लाथ मारली म्हणजे पाय लागला, आणि पाय लागला म्हणजे शिवला. त्याने तिथल्या तिथे साष्टांग नमस्कार घातला (जागा तशी नमस्काराची नव्हती, शर्ट पुढे टाकूनच द्यावा लागला) आणि छाती काढून घरी आला.

घरात भिकाजीकाका घोरत होते. आत्या सुपारी कातरत होती. वनमाला रिकामी पातेली घासत होती.

"तुम्ही जेवलात?" हरेश्वरचा आवाज चिरका झाला. "कावळा शिवल्याशिवाय?"

"शिवलो की. तू गेल्यार दुसरा पान ठेवला मी," आत्या म्हणाली. "शिवलो कसलो, खीरसुद्धा पुसून खाल्ल्यान."

"कुठला कावळा?"

"राखाडी मानेचो."

"पण मी हात जोडून कौलं दिली, लुगडं दिलं, कुकर दिला, तरी एक फिरकला नाही. तू असं काय कबूल केलंस?"

आत्याने सुपारी तोंडात टाकली.

"काय नाय रे. इतक्याच सांगितलंय, दादा, हरेश्वर भायर गेलो हा. आता ये आणि निवांत जेव."