हृदयाचा लेटमार्क

आपलं घड्याळ आयुष्यात कधी मागे पडलं नाही, असं मिनिटराव छाती ठोकून सांगायचे. पुढे डॉक्टरांनी छाती ठोकायला मनाई केली, तेव्हापासून ते टेबल ठोकून सांगू लागले!

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या गेटवर ते चौतीस वर्षं टाइमकीपर होते. एक मिनिट उशीर झाला की लेटमार्क! कुणाची बायको आजारी, कुणाची सायकल पंक्चर. मिनिटराव सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि लेटमार्क लावायचे. एकानं गुपचूप दुसऱ्याचं कार्ड पंच केलं, तर शंभर जणांच्या रांगेतून नेमका त्यालाच बाहेर ओढायचे. चौतीस वर्षांत एकही खोटी हजेरी त्यांच्या नजरेतून सुटली नाही. कामगारांनी ठेवलेलं हे नाव निरोप समारंभात मोठ्या साहेबांच्याही तोंडून निसटलं आणि मग ते कायमचं चिकटलं.

या सगळ्या वक्तशीरपणाचं गुपित त्यांच्या मनगटावर होतं. घड्याळ मुद्दाम वीस मिनिटं पुढे! घरातलं भिंतीवरचंही तेवढंच पुढे. पाहुणे त्याच्याकडे बघून दचकायचे आणि लवकर निघायचे, हा वरचा फायदा.

अशा माणसाच्या छातीत बेशिस्त शिरावी म्हणजे कमालच झाली! हृदय मधूनच धावत सुटायचं, मधूनच एखादा ठोका खाऊन टाकायचं. डॉक्टर म्हणाले, "हृदयात एक चुकार जागा आहे, ती भलत्याच वेळी इशारे देते. मांडीच्या शिरेतून बारीक तार वर नेऊ आणि ती जागा जाळून टाकू. तीन आठवड्यांनी या. सोबत घरचं कुणीतरी आणा."

घरचं कुणीतरी! मिनिटरावांच्या डोक्यात एकच माणूस आला, तो म्हणजे मुलगा. मुलगा त्याच शहरात, गाडीनं पंधरा मिनिटांवर राहायचा. दीड-दोन महिन्यांतून एकदा यायचा. आला की खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि गाडीची किल्ली हातातून खाली ठेवायचा नाही. त्या दिवशी त्यानं दाराबाहेर बसावं, एवढीच बापाची इच्छा होती. पण तोंडानं म्हणतील तर ते मिनिटराव कसले! हजेरी मागायची नसते, ती लागते, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्याआधी एक तपासणी होती. छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी बांधायची आणि चोवीस तास तशीच ठेवायची. सोबत एक वही. कुठल्या वेळी काय करत होतात ते तिच्यात लिहायचं. वही बघून मिनिटरावांचा चेहरा खुलला. "आजवर लोकांची हजेरी घेतली," ते बायकोला म्हणाले, "आता हृदयाची घेतो! बघतोच कुठं जातंय ते!"

आणि काय ती वही! छापून काढावी अशी. ११.०५, मेव्हणे आले, तब्येत या विषयावर व्याख्यान. ११.२५, ही स्टुलावर चढली, वरचा डबा. ४.००, हिनं चहा दिला. ६.१०, मुलगा आला. ६.३०, मुलगा गेला. प्रत्येक ओळीखाली सही!

चार दिवसांनी रिपोर्ट हातात पडला. डॉक्टर आठवडाभर परगावी होते. पण रिपोर्ट घरात आहे आणि कुणी तो वाचत नाही, असं कुठल्या घरात होतं? मेव्हणे हजर झाले. हे बायकोचे थोरले भाऊ. त्यांना सगळ्या विषयांतलं थोडं थोडं कळायचं आणि सगळं सगळं बोलायचं असायचं. त्यांनी टेबलावर एका बाजूला रिपोर्ट मांडला, दुसऱ्या बाजूला वही आणि मधे पट्टी!

"बघा हं. मशीन म्हणतंय, अकरा पाचला ठोके एकशे अठ्ठेचाळीस! वहीत अकरा पाचला काय आहे?"

बायकोनं वाचलं, "मेव्हणे आले."

मेव्हण्यांनी पट्टी सरळ केली, चष्मा पुसला. "म्हणजे मी? अहो, मी यांना धीर द्यायला आलो होतो!"

"पुढचं बघ ना दादा."

"सहा दहा. ठोके... अरे बापरे! एकशे छप्पन्न!"

"मुलगा आला," बायकोनं वाचलं आणि तिचा आवाज खाली आला.

मेव्हण्यांची कळी मात्र खुलली. आपल्यापेक्षा आठ ठोक्यांनी मोठा गुन्हेगार सापडला होता. "बघ! मी काहीच नाही!"

"आणि मी?" बायकोनं विचारलं. "चार वाजता मी चहा दिला तेव्हा?"

"बहात्तर."

"बहात्तर? चाळीस वर्षं संसार केला आणि बहात्तर? अहो, त्र्याहत्तर तरी व्हायचे होते!"

मशीनची नोंद ती मशीनची नोंद. जन्मभर मिनिटरावांनी लोकांना हेच सुनावलं होतं. पण मुलगा आला तेव्हा आपल्याला तर बरं वाटलं होतं, असं त्यांना सारखं आठवत होतं. बरं वाटलं म्हणून कुणाचे ठोके एकशे छप्पन्न होतात का? होत असतील बुवा. मशीन काय खोटं बोलतंय?

बायकोनं लगेच मुलाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. मुलानं सगळं ऐकून घेतलं. नंतर त्यानं जो श्वास सोडला, तो सुटकेचा होता हे मेव्हण्यांनाही कळलं, म्हणजे बघा!

"बाबा, मग माझं येणं धोक्याचंच आहे की! नाही, मी तुमच्या जिवाशी खेळणार नाही. मी येतच नाही. आणि त्या दिवशी तर मुळीच नको. तार आत, मी बाहेर, आणि ठोके वाढले तर?"

"बरोबर आहे तुझं," मिनिटराव म्हणाले.

"तुमच्यासाठीच हं बाबा."

"हो हो. कळतं ना मला."

मेव्हणेही रागारागानं उठले. "मीसुद्धा आता या दारात पाऊल ठेवणार नाही!" ते त्यांनी पाळलंही. त्या रिपोर्टचा घराला झालेला फायदा तो तेवढाच. एरवी आठवडाभर घरात चिटपाखरू फिरकलं नाही. बायकोही 'बहात्तर' मनात धरून चहाचा कप पुढ्यात आपटून जायची. मिनिटराव एकटे बसून छातीवर हात ठेवायचे आणि मोजायचे. आठवडाभर इतक्या काळजीपूर्वक त्यांना एकटं ठेवलं होतं, तरी हृदय धावायचं थांबलं नव्हतं!

मग डॉक्टरांना भेटायचा दिवस आला. डबी बांधणारी तंत्रज्ञ बाई बाहेरच्याच खोलीत होती. तिनं कागद भरता भरता विचारलं, "काका, किती वाजले?"

"बारा दहा!" मिनिटराव मनगट न बघताच बोलले. त्यांना ते बघावं लागत नसे.

बाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारा दहा? आत्ता तर अकरा पन्नास होतायत. तुमचं घड्याळ पुढे आहे."

"वीस मिनिटं!" मिनिटराव ताठ झाले. "मुद्दाम ठेवलंय. चौतीस वर्षं!"

बाईचं पेन थांबलं. "काका, वही कुठल्या घड्याळानं लिहिलीत?"

"याच की..." म्हणता म्हणता मिनिटरावांनी मनगटाकडे पाहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर लेटमार्क लागलेल्या माणसाचा भाव आला. मशीन जगाच्या घड्याळानं चाललं होतं आणि वही मिनिटरावांच्या! मशीनचे सहा दहा म्हणजे वहीतले साडेसहा.

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि बोट ओळीवर ठेवलं. ६.३०, मुलगा गेला.

मुलगा आला तेव्हा नव्हे. मुलगा गेला तेव्हा.

बायकोनं वही ओढून घेतली. तिनं मशीनच्या अकरा पाचमध्ये बोटांवर वीस मिळवले आणि मोठ्यानं वाचलं, "११.२५, ही स्टुलावर चढली." तिनं मान वर केली. "मी पडेन म्हणून? एकशे अठ्ठेचाळीस? अहो, मग तोंडानं सांगायचं ना, उतर म्हणून! मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही!"

"सांगणार होतो," मिनिटराव म्हणाले, "पण आधी नोंद करत होतो."

आत डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि हसले. "अहो, ती चुकार जागा आहे. कोण आलं, कोण गेलं, तिला काय कळणार? ती आपली मनाला येईल तेव्हा इशारे देते. यातून काही काढू नका. सोमवारी अकराला हजर व्हा."

यातून काही काढू नका! म्हणे! सगळ्या घरानं काढायचं ते काढून झालं होतं. घरी आल्या आल्या मिनिटरावांनी मुलाला फोन लावला, तोही आपणहून. "अरे, घोटाळा माझ्या घड्याळाचा होता. तू आल्यावर काही झालंच नव्हतं बघ. झालं ते तू गेल्यावर!"

पलीकडे मुलगा जरा थांबला. इथे मिनिटराव मनातल्या मनात सेकंद मोजत होते. अकरा झाले.

"म्हणजे मी गेलो की तुम्हाला त्रास होतो?"

"तसंच काहीसं."

"मग तर सोपंच झालं बाबा!" मुलगा म्हणाला. "मी आलोच नाही, तर जायचा प्रश्नच येत नाही!"

सबबी मिनिटरावांनी चौतीस वर्षांत हजारो ऐकल्या होत्या, पण इतकी बिनतोड सबब गेटवरच्या एकालाही सुचली नव्हती. "सोमवारी अकराला आहे," ते एवढंच म्हणाले. मुलगा म्हणाला, "बघतो."

सोमवारी दोघं नवरा-बायको दहालाच जाऊन बाकावर बसली. खांद्याला खांदा लावून. मिनिटराव दाराकडे बघत होते आणि बायको मिनिटरावांकडे. तासाभरात त्या दारातून फरशी पुसणारा माणूस तेवढा आला, तो बादली विसरून गेला आणि परत आला. त्याचा बोळा बाकाखालून फिरला तेव्हा दोघांनी पाय वर घेतले. ठीक अकराच्या ठोक्याला नर्सनं हाक मारली. "काका, घड्याळ काढून ठेवा."

मिनिटरावांनी ते काढून बायकोच्या हातात दिलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. "नीट ठेव हं. आणि मागे-पुढे करू नकोस."

दीड वाजता त्यांना बाहेर आणलं. मांडीवर जड पट्टी, डोळे अर्धवट मिटलेले. नर्स म्हणाली, "छान झालं! आता अगदी नियमित चाललंय!" बायकोनं डोळे पुसले आणि कॉटजवळ स्टूल ओढलं. मिनिटरावांनी दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आला होता?"

बायकोनं चादर सरळ केली. जी सरळच होती ती.

"हो तर! येऊन गेला. तुम्ही आत होतात ना. घाईत होता, पण बसला हो थोडा वेळ."

"किती वाजता आला?"

"सव्वाअकराला."

"कुणाच्या घड्याळानं?"

"तुमच्याच की! माझ्याच तर हातात होतं."

मिनिटरावांनी वीस वजा केले. औषधाची गुंगी होती, पण वीस वजा करायला त्यांना शुद्ध लागत नसे. दहा पंचावन्न. दहा पंचावन्नला ती दोघं बाकावर पाय वर घेऊन बसली होती.

बायको घड्याळ घट्ट मुठीत धरून त्यांच्याकडे बघत होती. खोटी हजेरी लावताना पकडलेली माणसं त्यांनी चौतीस वर्षं पाहिली होती. कॉटशेजारच्या यंत्रावर ठोके एका लयीत चालले होते. बहात्तर.

"बरं," मिनिटराव म्हणाले. "हजर धरतो."