धुराला कॉलम नाही

कमळूबाबा रोज सकाळी अकरा घरांत चूल पेटवतो आणि चहा मात्र बाराव्या घरात पितो. बारावं घर त्याचं स्वतःचं. बाकीची अकरा घरं ज्यांची, ती माणसं दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या किल्ल्या कमळूबाबाच्या करगोट्याला असतात. तो वाडीतून चालला की आधी किल्ल्या ऐकू येतात आणि मग बाबा दिसतो.

मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण नोकरी अजून सात वर्षं शिल्लक आहे. शहापूरहून किन्हवलीची एसटी धरायची, मध्ये एका फाट्यावर उतरायचं आणि टेकडी चढायची की ही ठाकरांची वाडी लागते, एवढं पुरे. घरपट्टीची वसुली माझ्याकडे, म्हणून कमळूबाबानं माझं नावच 'घरपट्टी' ठेवलंय. "आला घरपट्टी," तो लांबूनच म्हणतो, "बस." पाच वर्षांत त्यानं माझं खरं नाव विचारलेलं नाही, आणि आता मलाही सांगायची गरज वाटत नाही.

आमची पहिली भेट माघातली. वसुलीची वही घेऊन मी वाडीत शिरलो, तर एका घरातून नवराबायकोचं भांडण ऐकू आलं. बाईचा आवाज चिरका होता. "आयकतोस का रे? कोपरा गळतोय." त्यावर जाडा आवाज म्हणाला, "पावसाच्या आदी कौलं घालतो गो, डोकं नको खाऊ." भांडणात कशाला पडा म्हणून मी जरा बाजूला उभा राहिलो. बराच वेळ गेला तरी कोणी बाहेर येईना, तेव्हा दारातून डोकावलो. आत एकटा कमळूबाबा चुलीपुढे उकिडवा बसला होता. फुंकणीनं जाळ फुलवायचा, चिरक्या आवाजात एक वाक्य बोलायचं, मग जाड्या आवाजात त्याचं उत्तर द्यायचं, असं चाललं होतं.

मला पाहून तो मुळीच ओशाळला नाही. "नुसता धूर पुरत नाय," तो म्हणाला. "वाटेनं कोन चालला तर घरात दोन मानसं हायत असं वाटलं पायजे."

असं का वाटायला पाहिजे, ते सांगतो. मी या पंचायतीत यायच्या आधी वाडीत घरकुलाचा सर्वे झाला होता, आणि तो झाला फाल्गुनात. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमधून माणसं घरात राहतात की नाही हे बघायला ज्यानं फाल्गुन निवडला, त्याला एक तर काहीच माहीत नसावं, नाही तर सगळंच माहीत असावं. भात कापून झालं की इथं दुसरं पीक नाही. भातसाचं धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. वाडीतली विहीर होळीला तळ दाखवते. मग पोट घेऊन माणसं भट्टीवर जातात. सर्वेवाला आला, त्यानं कुलपं पाहिली आणि लिहिलं, 'घर बंद, कुटुंब स्थलांतरित.' तेवढ्यावर पक्क्या घराच्या यादीतून नावं उडाली. जो गरिबीमुळे घर सोडून जातो, त्याला घर सोडून गेला म्हणून घर नाही. हे मी सरकारी कागदावर वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. माझीच वाचण्यात चूक होत असेल असं वाटलं.

त्या अकरा घरांसारखंच बारावं घरही त्या वर्षी बंद होतं. कमळूबाबा आणि त्याची बायको धर्मी, दोघं भट्टीवर विटा थापत होते. पुढच्या पावसात धर्मीला ताप भरला. घराचा कोपरा गळत होता, अंथरूण हलवायला कोरडी जागा नव्हती. ती उठली नाही. त्यानंतर बाबा भट्टीवर गेला नाही, आणि वाडीभर एकच वाक्य बोलत सुटला, "घर निजलं का मेलं, समज. घर निजू द्यायचं नाय." दिवाळीत लोक निघाले की तो फाट्यापर्यंत पोचवायला जातो आणि प्रत्येकाकडून किल्ली मागून घेतो.

घर जागं ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. एका घराच्या दोरीवर तो लुगडं वाळत घालतो आणि दर दोन दिवसांनी बदलतो, कारण तेच लुगडं आठवडाभर दिसलं तर बघणाऱ्याला संशय येईल. दुसऱ्या घरापुढे पायताणाचा एकच पाय ठेवतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "सोमाचं घर हाय. त्याचं दुसरं पायतान कवा जाग्यावर असतं?" तिसऱ्या अंगणात भाताची कणी टाकून शेजारच्या कोंबड्या बोलावतो. हिरू नावाच्या पोरीच्या घरात झोळी टांगलेली आहे, तिची लेकरं लहान आहेत. लेकरं भट्टीवर आणि झोळी इथं. येता-जाता बाबा तिला एक हेलकावा देतो, म्हणजे दोरी कुरकुरते. रिकामी झोळी हलवू नये असं वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणतात. बाबा त्यांना म्हणतो, "रिकामी कशी? पोरं भायेर गेलीत."

एकदा मी त्याची थट्टा केली. म्हटलं, "बाबा, अकरा घरांतल्या अकरा बायका एकाच आवाजात कशा बोलतात? आणि माघात कसला कोपरा गळतोय?" त्याला राग आला. त्या दिवशी त्यानं मला "बस" म्हटलं नाही.

वसुलीला मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर. पावती घेतली की बोटानं चाचपून विचारतो, "यात घर लिवलंय ना?" लिहिलंय म्हटलं की पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी आढ्याला. मग त्याचा ठरलेला प्रश्न येतो. "तुज्या वहीला माजं घर दिसतं. त्या फोटोला दिसत नाय. दोगं येकाच सरकारचे ना रे?"

फोटो म्हणजे कुलपांचे फोटो नेणारा सर्वेवाला. वही माझ्या हातात आणि यादीची प्रतही माझ्याच कपाटात. वहीत ही बाराही घरं आहेत. घर बंद असो, पडकं असो, माणूस बाराही महिने बाहेर असो, घरपट्टी चढतच राहते. ती भरली नाही तर आम्ही दाखला अडवतो आणि दाखल्यावाचून सगळंच अडतं. म्हणजे घ्यायची वेळ आली की घर आहे आणि द्यायची वेळ आली की नाही. हे कुणा एकाचं काम नाही, आम्ही सगळे मिळून रोज थोडंथोडं करतो. मीही करतो, आणि त्याची मला लाज वाटते.

टेकडीखाली नदीकाठी बंगले आहेत. करोनाच्या वेळी सरकारनं घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क उतरवलं, तेव्हा त्यातले दोन भराभर विकले गेले. मालक वर्षातून चारदा येतात. उरलेले दिवस ती दारं बंदच असतात, पण त्यांना कुणी स्थलांतरित म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथं संध्याकाळी दिवे लावायला पगारी माणूस आहे. बाबा आणि तो एकमेकांना ओळखतात, विडी मागून घेतात. "त्यो त्यांचा वॉचमन, मी यांचा," बाबा म्हणतो.

यंदा पुन्हा सर्वे आला. यंदाही फाल्गुनातच.

कल्याणचा एक कंत्राटी इंजिनियर मोटारसायकलवर आला. पोरगा साधा होता, उन्हानं लाल झाला होता. पंचायतीतर्फे मला त्याच्याबरोबर पाठवलं. आम्ही टेकडी चढलो तेव्हा अकराही घरांवर धूर होता. लुगडी वाळत होती, कोंबड्या चरत होत्या, सोमाच्या दारात एक पायताण होतं. मला हसू आवरेना. म्हटलं, जिंकला म्हातारा.

इंजिनियरनं पहिल्या घरापुढे मोबाइल धरला आणि विचारलं, "माणूस कुठंय?"

"गवताला गेलेत," बाबा म्हणाला. "ही बगा, चूल पेटलीय."

"तसं नाही चालत आता, बाबा. नवीन ॲप आहे. घरात राहणारं माणूस दारात उभं पाहिजे. चेहरा घेतला की मग घर घेतं. आणि एकदा घेतलेला चेहरा दुसऱ्या घरापुढे चालत नाही."

बाबानं त्याचा हात धरला आणि चुलीजवळ नेला. "हात लाव. गरम हाय का नाय?"

पोरानं खरंच जाळावर हात धरला. "गरम आहे," तो म्हणाला. "पण धुराला कॉलम नाही, बाबा. मी काय करू?"

इतक्या वर्षांचा धूर त्या एका वाक्यात गेला. आम्ही एकेका घरापुढे जात होतो, इंजिनियर 'बंद' लिहीत होता आणि बाबा किल्ल्या मुठीत आवळून मागून येत होता. मला त्या ॲपचा, ते करणाऱ्याचा, त्याला मान डोलावणाऱ्या माझ्या साहेबांचा मला संताप आला होता.

"तुमचं घर कोणतं?" दहा घरं झाल्यावर इंजिनियरनं बाबाला विचारलं. "तिथं उभे राहा, तुमचं तरी घेऊ."

बाबानं इकडेतिकडे पाहिलं. मग तो चालत हिरूच्या दारात गेला, आत हात घालून झोळीला हेलकावा दिला आणि उंबऱ्यावर ताठ उभा राहिला. "ह्ये," तो म्हणाला. "माजी सून गवताला गेलीय. मी सासरा."

इंजिनियरनं माझ्याकडे पाहिलं. वहीप्रमाणे त्या घरात सासरा नाही हे मला पाठ आहे. "हो," मी म्हणालो. "सासरा." नोकरीत मी एवढं खरं बोललो नसेन.

चेहरा घेतला, हिरूचं घर घेतलं. मग आम्ही ओढ्याजवळच्या शेवटच्या घरापाशी आलो. कोपऱ्यातली कौलं खचलेली, चूल अजून पेटायची होती.

"हे कुणाचं?"

"कमळूचं," बाबा म्हणाला. "त्यो नसतो हितं. भायेरच असतो."

पोरानं लिहिलं, 'घर बंद, स्थलांतरित.' बाबानं ते वाकून पाहिलं. त्याला वाचता येत नाही.

इंजिनियर गेला. मला खाली उतरवेना. दिवस कलला तेव्हा पुन्हा बाबाच्या घराकडे वळलो, तर आतून बोलणं ऐकू आलं. अकरा घरांमधून मी ती भांडणं ऐकली होती, पण या घरातून कधी नाही. इथं कुणाला ऐकवायचं नव्हतं.

"दुसऱ्याच्या दारात उभा रायलास," चिरका आवाज म्हणाला. "आयकतोस का रे? आपला कोपरा गळतोय."

"हिरूची पोरं लानी हायत गो."

"मंग आपलं घर?"

फुंकणीचा आवाज आला. मग जाडा आवाज म्हणाला, "आपल्या दोगांना कितीसं घर लागतं."

मी खाकरलो.

"कोन हाय?"

"घरपट्टी," मी म्हणालो.

"मंग आत ये. तुला दिसतं ना माजं घर."

चुलीवर चहा उकळत होता. जवळच दोन कप मांडलेले होते. बाबानं त्यांतला एकही मला दिला नाही. उठून फळीवरचा तिसरा कप काढला, धुतला आणि माझ्यापुढे ठेवला.