टँकरवाले अण्णा बालीच्या नदीत

आमच्या शेजारचे दगडूअण्णा कुठलंही पाणी टँकर-कळशीत मोजतात. दुष्काळी पाटोद्यात तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला, त्याचा हा परिणाम. पाझर तलाव दिसला की लगेच मला, "गुरुजी, चारशे टँकर. गाळ सोडून." एका लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तर हे माझ्या कानाशी पुटपुटले, "आई कळशीभर. नवरी तांब्याच्या वर जायची न्हाई." मला हसू आवरेना, आणि पाहुण्यांसमोर माझीच शोभा झाली.

गेल्या वर्षी आम्ही दोन जोडपी सहल कंपनीबरोबर बालीला गेलो. यादीत नदीतलं राफ्टिंग दिसताच अण्णांनी हट्ट धरला. "बाकी काय बी ऱ्हाऊ द्या, ह्ये न्हाई. आन कौसा म्होरं बसनार."

कौसावहिनी म्हणजे त्यांची बायको. घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरलेल्या नाहीत. मग निघण्याआधी महिनाभर अंगणात तालीम चालली. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर वहिनी, वल्हं म्हणून हातात खराटा, आणि अण्णा ट्यूब हलवत त्यांच्या तोंडावर तांब्याने पाणी मारायचे. ट्यूब मांडली होती कढीपत्त्याच्या बुडाशी, पाणी वाया जाऊ नये म्हणून.

पण खऱ्या नदीवर वहिनी अडून बसल्या. हिरवीगार दरी, काठावरून कोसळणारे धबधबे, खाली डुलणारी रबरी नाव. सगळे खोळंबले.

"म्या न्हाई बसायची. तुमी जावा."

"कावून गं? तुज्यासाठीच आलोय न्हवं?"

"नदीला रिकाम्या हातानं शिवू व्हय? वटी न्हाई भरली!"

अण्णांनी पिशवीतून खण, नारळ आणि हळदकुंकवाची पुडी काढली. गडी पाटोद्याहून तयारीनिशी निघाला होता! नाव चालवणाऱ्या बालीच्या माणसाला आमची भाषा कळत नव्हती, पण त्याने कानामागचं फूल काढून वहिनींच्या ओंजळीत ठेवलं. वहिनींनी नदीची ओटी भरली, पदर खोचला आणि थेट पुढे जाऊन बसल्या.

पहिल्याच उसळीला अण्णा नावेच्या तळाशी. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी दोरी धरलेली. आणि वहिनी? "हाना! डावीकून हाना! गुरुजी, झोपलात का काय?" सगळी हयात मी शाळेत पोरांवर ओरडलो, पण असा हुकूम मला कधी जमला नाही. नाव खडकांमधून सुटली, धबधब्याखालून गेली, आणि वहिनींनी भिजल्या अंगाने वल्हं उंच धरून आरोळी ठोकली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काठावर उतरल्यावर मी अण्णांना डिवचलं, "किती टँकर?"

"मोजलं न्हाई." ते वहिनींकडे बघत होते. "गुरुजी, गावोगाव पानी पोचवलं. पन आपल्या गल्लीला आदी दिलं तर लोक काय म्हनतील, म्हनून घरी कदी टँकर थांबवला न्हाई. हिनं तीस वर्सं आडावरून डोक्यावर पानी उचललं. एक डाव तरी पान्यानं हिला उचलावं, येवडंच मनात व्हतं."

तेवढ्यात वहिनींची हाक आली, "आवं, बगत काय बसलात? पुन्यांदा जायचंय!"

अण्णांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

"चला गुरुजी, कौसा बोलावतीय," म्हणाले आणि माझ्याआधी पळत सुटले.