मनगट बघणारे दत्तोबा

आमचे शेजारी दत्तोबा माणसाचं तोंड बघत नसत, मनगट बघत. ओळख झाली न झाली की तुमचा हात ओढायचे, उताणा करून उजेडात धरायचे आणि आतल्या निळ्या शिरा डोळे बारीक करून न्याहाळत बसायचे. कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांना ते वैद्यच वाटले. त्यांनी आपणहून जीभ बाहेर काढली आणि चार दिवस पोट साफ नाही म्हणून सांगितलं. दत्तोबा गंभीरपणे म्हणाले, "पोटाचं मला काय म्हाईत न्हाय पावणं, पन अंगठी चांदीची घाला. हे सोनं तुमच्या अंगासंगट भांडतंय."

ही विद्या ते सिनेमाच्या स्टुडिओत शिकले. नट्यांच्या दागिन्यांची पेटी त्यांच्या ताब्यात असे. सगळा माल पितळेचा, वर मुलामा. कुठल्या कांतीला पिवळा मुलामा, कुठल्या कांतीला तांबूस आणि कुठल्या कांतीला पांढरा, हे तेच ठरवायचे. पडद्यावर सगळं राखाडीच दिसतं, हे मी एकदा बोलून गेलो, तर आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

पुढं स्टुडिओतलं काम सुटलं आणि ते गुजरीत, सोन्याचांदीच्या बाजारात, एका सराफाकडं गिऱ्हाइकांना माल दाखवायला लागले. बाई पाटल्या पसंत करून पिशवी उघडणार, तोच हे म्हणायचे, "घिऊ नगासा बाई, अंगासंगट भांडत्यात." सराफानं तीन महिने सोसलं आणि मग कोपरापासून हात जोडले.

माझ्या भाचीला बघायला सांगलीची मंडळी आली होती. मीच मूर्खासारखं दत्तोबांना चहाला बोलावलं. मुलाच्या आईच्या तांबूस सोन्याच्या बांगड्यांवर नजर पडताच ते म्हणाले, "आक्का, ह्यात तांबं लई पडलंय. रागावल्यागत दिसताय." त्या तोवर रागावल्या नव्हत्या. मग मात्र रागावल्या. लग्न जमलं ते केवळ आपण नृसिंहवाडीच्या दत्ताला साकडं घातलं म्हणून, असं माझी बहीण अजून सांगते.

त्याच सुमारास दत्तोबांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वैनींचं दुखणं वाढलं. त्यांच्या अंगात रक्तच राहत नव्हतं. डॉक्टर इंजेक्शनं देऊन थकले. मूळच्या गव्हाळ, तुकतुकीत वैनी; पण धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा त्यांचा रंग झाला होता. हळदीकुंकवाला गेल्या की बायका तोंडावर म्हणायच्या, "अगं बाई, किती उतरलीस गं!" सहानुभूतीसुद्धा किती दुष्ट असते! वैनींनी जाणं-येणं बंद केलं. नंतर तर त्यांनी भिंतीवरचा आरसा उलटा करून ठेवला.

दुखण्यावर दत्तोबांकडं इलाज नव्हता. जे येत होतं ते त्यांनी सुरू केलं. वैनींच्या तोंडावर रक्ताची झाक आणील असा धातू ते शोधायला लागले. रोज सकाळी गुजरीत जायचे आणि ओळखीच्या सराफांकडून एखादी बांगडी जांगडीनं आणायचे, म्हणजे जमली तर ठेवायची, नाहीतर परत. फिकं सोनं झालं, लाल सोनं झालं, चांदी झाली. शेवटी तांबटाकडून तांब्याची कडीसुद्धा आणली.

ती तांब्याची कडी कुणाच्या तरी नजरेस पडली. दत्तोबानं आजारी बायकोचं सोनं विकून खाल्लं, असं गल्लीभर झालं. माझाही विश्वास बसला. मी पडलो मास्तर, दुसऱ्याला सुधारायची खोड. तरातरा त्यांच्या घरी गेलो.

दार उघडंच होतं. वैनींचा हात मांडीवर घेऊन दत्तोबा बसले होते. त्या हातावरून कुठलीही बांगडी आपोआप सरकली असती, इतका तो वाळला होता. तरी ते बोटं जुळवून, जपून, काकणं भरणाऱ्या कासारासारखे एक बांगडी चढवत होते. चढल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं आरसा धरून म्हणाले, "बघ की, जरा लाली आली का न्हाय?"

वैनींनी बघितलं आणि मान हलवली. "न्हाय जमत. दुसरं आना."

दत्तोबांनी बांगडी काढून खिशात घातली, चपला अडकवल्या आणि माझ्याकडं न बघता बाहेर पडले. मला त्यांची कीव आली. वैनींना म्हटलं, "किती पळवाल त्यांना? एवढ्यातली एकसुद्धा पसंत पडत नाही?"

वैनी हसल्या. हसतानाही त्यांना धाप लागत होती.

"मास्तर, मला काय बांगडीतलं कळतंय? बावीस वर्सं झाली लगनाला. ह्या मानसानं साऱ्या कोल्लापूरचं हात धरून बघितलं, माझा कवा धरला न्हाय. आता रोज धरत्यात. एक बरी हाय म्हटली, तर उद्या कशाला धरतील? त्यास्नी सांगू नगासा."

मी शब्द दिला आणि मान खाली घालून घरी आलो.

दिवाळीच्या आधी वैनी गेल्या. दिवस झाल्यावर दत्तोबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "मास्तर, मला काय बी येत न्हाय. घरच्या बाईला शोभंल असा धातू गावला न्हाय मला. शेवटच्या दिवशी बी न्हाय जमत म्हनाली." आणि हा साठीला आलेला माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांदेखत ढसाढसा रडायला लागला.

मला बघवेना. वैनींना दिलेला शब्द मी मोडला आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ऐकून त्यांचं मन हलकं होईल.

त्यांचं रडणं थांबलं. ते माझ्याकडं बघत राहिले.

"आदी सांगायचं न्हाय व्हय, मास्तर?" ते म्हणाले. "दिसदिसभर मी गुजरीत हिंडत हुतो की. ती घरात एकलीच हुती."