काय दिसलं, ते सांग

आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर काही वाचायचं असेल, तर आधी आसपास परबमावशी नाहीत ना, हे बघून घ्यावं लागतं. असल्या तर त्या मागून येतात, आपण वाचत असलेल्या कागदावर अख्खा तळहात ठेवतात आणि म्हणतात, "वाचलंत ना? आता सांगा, काय लिहिलंय." मग बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली, पन्नाशीला आलेली माणसं लिफ्टसमोर उभी राहून शाळकरी पोरांसारखी आठवायला लागतात.

इमारत काळाचौकीतली. पूर्वी इथे चाळ होती, आता बावीस मजले आहेत. मावशी नवव्यावर एकट्याच राहतात. वय सत्तरीला टेकलेलं, लग्न केलं नाही. एका सरकारी कार्यालयात त्या चौतीस वर्षं टायपिस्ट होत्या. टायपिस्टने समोर आलेलं उतरवून काढायचं असतं, त्याच्या अर्थात शिरायचं नसतं. मावशी शिरायच्या. मसुदा हातात घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी जायच्या आणि विचारायच्या की 'यथोचित कार्यवाही प्रस्तावित आहे' म्हणजे आपण नक्की काय करणार आहोत. साहेबांना ते माहीत नसायचं. तीन साहेबांनी त्यांची बदली मागितली. तिसऱ्याने कारण लिहिलं होतं 'कामात अडथळा', आणि ते पत्रही यांनीच टाइप केलं. एक चूक नव्हती त्यात, असं त्या अजून अभिमानाने सांगतात.

मागे एकदा टाकी साफ करायची म्हणून दोन दिवस पाणी बंद राहणार होतं. सूचना लागली. सगळ्यांनी वाचली आणि कुणीही पाणी भरून ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या दारात रिकामी बादली घेऊन पहिले कोण उभे राहिले असतील, तर सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर. सूचना त्यांनीच लिहिली होती, खाली सही त्यांचीच होती. मावशींनी त्यांना आधी ती सूचना तोंडी सांगायला लावली, 'खंडित' म्हणजे काय हेही विचारलं आणि मगच बादली भरून दिली.

मी या सगळ्याला हसायचे. माझ्या मुलीवर वेळ येईपर्यंत.

माझी मृण्मयी तिसरीत आहे. पहिलीपासूनच ती धडाधड वाचते. जोडाक्षर आलं की बाकीची मुलं थबकतात, ही त्यावरून उडी मारून पुढे जाते. गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या वाचनस्पर्धेत ती पहिली आली. मी व्हिडिओ काढला, गावच्या ग्रुपवर टाकला, मालवणहून तीन आत्यांचे फोन आले. त्याच गडबडीत मावशी स्टेजजवळ आल्या, मृण्मयीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं की गोष्टीतला तो माणूस घर सोडून का गेला गं. मृण्मयी म्हणाली, "मला काय माहीत? मी तर वाचत होते."

लोक हसले. मला मात्र राग आला. बक्षिसाच्या दिवशी कुणी असं विचारतं का?

दिवाळीनंतर शाळेतून बाईंचा फोन आला. मी दादरच्या ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन गेले. बाईंनी चाचणीचा पेपर पुढे ठेवला. उतारा दिला होता, खाली प्रश्न होते. 'माधव का हिरमुसला?' मृण्मयीने सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं होतं, 'माधव हिरमुसला व कोपऱ्यात जाऊन बसला.' प्रत्येक उत्तर असंच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जिथे सापडला, तिथलं वाक्य तिने उचलून ठेवलं होतं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, वाचन उत्तम आहे हो तिचं, फक्त त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही.

त्या संध्याकाळी मी पेपर घेऊन नवव्या मजल्यावर गेले. मावशींनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि मृण्मयीला समोर बसवून एका कागदावर लिहिलं: 'गबदू झिपरीत तुरकला.'

गबदू कुठे तुरकला, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, झिपरीत. कोण तुरकला? गबदू. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दहापैकी दहा. आता हिला विचारा, नक्की झालं काय?" मृण्मयीने खांदे उडवले. ते तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा रोज फक्त विचारायचे, समजलं का? मावशींच्या मते हा प्रश्नच नव्हे. त्याचं एकच उत्तर असतं, आणि ते दिलं की मूल खेळायला सुटतं.

दुसऱ्या दिवसापासून मृण्मयी रोज संध्याकाळी मावशींकडे जायला लागली. तिथे काय चालायचं, ते मला तिच्याकडूनच कळायचं. एक वाक्य वाचायचं, पुस्तक मिटायचं. मग मावशी विचारणार, "काय दिसलं?" काही दिसलं नसेल तर पुन्हा तेच वाक्य. मृण्मयीने पहिले चार दिवस एकच उत्तर दिलं, अक्षरं दिसली. मावशी त्यावर रागावल्या नाहीत. खरं बोललीस, म्हणाल्या.

एका गोष्टीत बाई मिरच्या कुटत असते आणि तिच्या डोळ्यांना धार लागते. मृण्मयीने सांगितलं, ती बाई दुःखी आहे. मावशींनी पायात चपला सरकवल्या आणि तिला थेट लालबागला मसाल्याच्या गल्लीत नेलं. तिथे कांडप चालू होतं. दोघी अर्धा तास शिंकत उभ्या राहिल्या. घरी आली तेव्हा पोरीचे डोळे लालबुंद, नाक वाहतंय, आणि तोंडावर मोठा शोध लागल्याचा आनंद. ती रडत नव्हती आई, म्हणाली, तिला मिरची लागली होती.

आणखी एकदा 'म्हातारीने दार किलकिलं केलं' असं वाक्य आलं. मावशींनी तिला स्वतःच्या दाराशी पाठवलं, कर म्हणाल्या किलकिलं. तिने दार सताड उघडलं. समोरच्या दामले वहिनी बाहेर येऊन बघायला लागल्या. इतकं नाही, मावशी म्हणाल्या. मग थोडं कमी, अजून कमी, एक डोळा बाहेर दिसेल एवढंच. तसं दार धरून मृण्मयी बराच वेळ उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली की म्हातारी घाबरली आहे. मावशींनी विचारलं, असं कुठे लिहिलंय? तिने येऊन पुस्तक उघडून बघितलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती पार गोंधळली. पुस्तकात नसलेली गोष्ट आपल्याला कळलीच कशी, हे तिने मला रात्री जेवताना तीनदा विचारलं.

मला हे सगळं ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण महिना उलटला आणि पुस्तकाची पानं झाली होती सहा. पुढची चाचणी तोंडावर आली होती. तिच्या वर्गातल्या मुलींना चिंचपोकळीच्या एका क्लासला घातलं होतं, तिथे उतारे आणि उत्तरं पाठ करून घ्यायचे. मीही चौकशी करून आले, फॉर्म आणला. शनिवारी संध्याकाळी मी मावशींकडे गेले, ती उद्यापासून येणार नाही, हे सांगायला. मृण्मयी तिथेच चटईवर पालथी पडून चित्र काढत होती.

मावशींनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. वाद घातला नाही. चहा टाकू का, म्हणाल्या, आणि मग चहा न टाकताच समोर बसून राहिल्या. मी उठणार तेवढ्यात त्या त्यांच्या आईबद्दल बोलायला लागल्या.

त्यांची आई लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार, चौदा-पंधरा जण, पाळी सुटली की जेवायला यायचे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. इंदू, म्हणजे मावशी, तिसरीत होती आणि वर्गात सगळ्यात भरभर वाचायची. त्यामुळे गावाहून आलेली पत्रं तिच्याकडेच यायची. जेवणाची पंगत बसली की ती मध्ये उभी राहून शाळेतल्या सुरात सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायची. कुणी शेंगदाणे द्यायचं, कुणी शाबासकी.

विष्णूकाका म्हणून एक विणकर होते. त्यांचं पोस्टकार्ड आलं. इंदूने ते इतरांसारखंच वाचलं. चिरंजीव विष्णूस अनेक आशीर्वाद. विशेष लिहिण्यास कारण की, कन्या सुमन तापाचे निमित्त होऊन गेल्या मंगळवारी निवर्तली.

"निवर्तली," मावशी म्हणाल्या. "अवघड शब्द होता. मी 'र्त'ला अडखळले नाही, म्हणून इतकी खूश झाले."

पंगतीतले हात थांबले होते. इंदूला वाटलं, सगळे ऐकताहेत. तिने आवाज आणखी चढवला, 'कळावे'पर्यंत वाचलं, कार्ड उलटून पत्तासुद्धा वाचला. मग शाबासकीसाठी विष्णूकाकांकडे बघत उभी राहिली. विष्णूकाकांनी ताटातच हात धुतले. उठले, तिच्यापाशी आले आणि म्हणाले, "बरा वाचलंस गो बाय." आणि जिना उतरून गेले.

आईने रात्री शब्दाचा अर्थ सांगितला.

मावशी एवढंच बोलून थांबल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं की केवढा मोठ्या मनाचा माणूस. चटईवर मृण्मयीचा खडू कधी थांबला होता, ते मी पाहिलं नव्हतं. ती उठून बसली होती.

"ते खोटं बोलले," ती म्हणाली.

मी तिला गप्प करणार होते. मावशींनी मला हातानेच थांबवलं आणि त्यांच्या नेहमीच्या सुरात तिला विचारलं, "का गं बोलले असतील?"

मृण्मयी मावशींच्या तोंडाकडे बघत होती, पान वाचावं तशी, सावकाश.

"त्यांना कळलं होतं, की तुम्हाला काहीच कळलं नाहीये," ती म्हणाली. "आणि मग जेव्हा कळेल, तेव्हा तुम्हाला खूप वाईट वाटणार. म्हणून आधीच छान म्हणून ठेवलं."

मावशींनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

मृण्मयी चटईवरून उठली. त्यांच्या शेजारी पलंगावर जाऊन बसली, अगदी खेटून. थोड्या वेळाने मी उठले, मावशींच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिघींसाठी चहाचं आधण ठेवलं.