धुणारी बाई, एक

इतिहासाने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांची दखल घेणे हे सुसंस्कृत समाजाचे आद्य कर्तव्य आहे. फक्त त्यांनी मध्येमध्ये बोलू नये.

या कर्तव्याला कादंबरीकाराने सात वर्षे दिली. अभिलेखागारात, एका इस्पितळाच्या जुन्या सामानयादीत, 'बादल्या, चौदा' आणि 'खाटा मोडक्या, सहा' यांच्या मधोमध त्याला 'धुणारी बाई, एक' सापडली. तेवढ्या तीन शब्दांवरून त्याने तिचे अख्खे आयुष्य उभे केले. पाने सहाशे बारा, तळटीपा चारशे, हुंदके (संपादकाने मोजलेले) दोनशे अठरा. तेविसाव्या वर्षी ती तापाने, अविवाहित आणि अवाक्षर न काढता गेली. ते प्रकरण लिहिताना कादंबरीकार दोन दिवस जेवला नाही (बिस्किटे वगळता).

छपाईच्या आदल्या आठवड्यात अडचण आली. अभिलेखागारात फाटकी दप्तरे शिवणाऱ्या बाई, ज्यांनी ती यादी स्वतः दोनदा चिकटवून दिली होती, त्याच्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "साहेब, ती माझी पणजी."

कादंबरीकाराने सौजन्याने पुरावा मागितला.

"पुरावा कसला? घरात रोज विषय निघतो तिचा. भारी खमकी होती. हात न धुता पेशंटला हात लावला म्हणून डॉक्टरला ओल्या चादरीनं झोडपलं होतं तिनं. शिट्ट्या मारायची. एक्क्याण्णव वर्षं जगली, पत्त्यांत शेवटपर्यंत लबाडी केली."

"पण ती चारशे नवव्या पानावर गेली."

"मग आम्ही सगळे कुठून आलो हो?"

प्रश्न रास्त होता, म्हणून तो तज्ज्ञ समितीकडे गेला. समितीने एकमताने निर्णय दिला : कादंबरीला चारशे तळटीपांचा आधार आहे, बाईंच्या अस्तित्वाला एकीचाही नाही. (त्यांना परिशिष्टात जागा देण्याचे घाटत होते, पण कागद संपला.) शिवाय शिट्ट्या मारणाऱ्या बाईसाठी कोण रडणार?

"निदान आनंदात जगली, एवढं एक वाक्य तरी टाका," बाई म्हणाल्या. "माझ्या आईनं वाचलं तर काय वाटेल तिला?"

कादंबरीकाराला खरोखरच वाईट वाटले. ते वाया जाऊ नये म्हणून त्याने अर्पणपत्रिका बदलली : 'जिचे ऐकायला कुणीच नव्हते, तिला.'

प्रकाशनाला सभागृह तुडुंब भरले. स्वाक्षरीची रांग जिन्यापर्यंत गेली. बाई पुस्तक छातीशी धरून रांगेतल्या एकेकाला सांगत होत्या, "ती अशी नव्हती हो." तुम्हाला आठवत असेल. तिचे मरण वाचून तुमचे डोळे नुकतेच भरून आले होते, आणि तुम्ही अगदी हळुवारपणे म्हणालात, "मावशी, जरा बाजूला व्हा, रांग अडतेय."