एल्फराणीच्या दाताची मोहीम

वाचणारांचे हुजुरी, लिहिणाराचा सलाम पावो. आज्ञा जाहली की, एल्फ आणि बुटके या दोन थोर कौमांचे दरम्यान दातांचे निमित्ताने जो बाका प्रसंग गुदरला, त्याचे वर्तमान कमी-जास्त न करता लिहून रुजू करणे. आज्ञा शिरसावंद्य. कमी करण्याची छाती नाही आणि जास्त करण्याची गरज पडली नाही, कारण प्रकरण मुळातच अति होते.

पूर्वपीठिका ऐसी जे, कोणी एक ग्रंथकर्ता होऊन गेला. त्याने एल्फ म्हणजे लांब कानांचे, देखणे, अमर लोक, आणि बुटके म्हणजे दाढीवाले, डोंगर पोखरणारे, नाकावर राग असलेले लोक, यांचे वैराचे नऊ खंड लिहिले आणि दहावा हाती धरण्याआधीच तो स्वर्गवासी जाहला. मग वाचक पोरके जाहले, आणि मग ज्याला जैसे सुचेल तैसे पुढले आख्यान त्याने आपण लिहावे आणि 'पोटमाळा' नामे संकेतस्थळावर चढवावे, ऐसा रिवाज पडला. यास फॅन फिक्शन म्हणतात. या चाकरीत लिहिणारास जे मिळते ते एकच, वाचकांची प्रतिक्रिया, आणि तीही मिळेलच ऐसा करार नाही.

या मुलखात मेणबाईसाहेब नामे एक लेखिका नांदत होत्या. पोटापाण्याचा उद्योग कवळ्या घडविण्याचा. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यावेत, आणि बाईसाहेबांनी मेणात एकेक दात रोवून चावा जुळवावा, आणि मग पक्की कवळी करून, चाकावर चकाकवून रवाना करावी. मेणाचे कामात हात ऐसा बसला होता की कारखान्यात सारे त्यांस मेणबाईच म्हणत. ज्यांचे तोंडी ती कवळी जाई त्यांची दृष्टभेट कधी होत नसे. उलटून येत त्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्यांत तीनच मजकूर: टोचते, ढिली आहे, बोलताना वाजते.

दर महिन्याचे पहिले गुरुवारी, जेवणाचे सुट्टीत, बाईसाहेब मेणाचे हात पुसून एक प्रकरण पोटमाळ्यावर चढवीत. ऐसी सत्तेचाळीस प्रकरणे जाहली, म्हणजे चार वर्षे उलटली. आणि दर वेळी दुपारचे चहाचे आत पहिली प्रतिक्रिया एकाच असामीची येई. नाव नाही, गाव नाही, स्थळाने आपोआप दिलेला क्रमांक तेवढा, पाहुणा क्रमांक ४०७. मजकूर एकच शब्द: "वाचलं." वाहवा नाही, निंदा नाही. बाईसाहेबांनी तो शब्द सत्तेचाळीस वेळा पाहिला होता आणि सत्तेचाळीस वेळा त्यांचा जीव भांड्यात पडला होता. बाकी प्रतिक्रिया त्या वाचीत, हिची एकीची त्या वाट पाहात. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते, कारण सांगण्याजोगे त्यात काय आहे हे त्यांसही उमगत नव्हते.

मग अठ्ठेचाळिसावे प्रकरण आले आणि अनर्थ ओढवला. त्या प्रकरणी ऐसे जाहले की, एल्फांची राणी रणात उभी असता तिचे तोंडावर गदा बसली आणि पुढले चार दात गेले. मग पहिल्या प्रकरणापासून आख्यानात असलेल्या बुटक्या लोहाराने शिंपल्याचे चार दात घासून, सोन्याचे पट्टीत जडवून तिला बसवून दिले. आणि राणी सात दिवस तोंडावर हात धरून दरबार करू लागली, आणि दरबार उठला म्हणजे रिकाम्या महालात एकटीच मोठ्याने एक ते शंभर मोजू लागली, जेणेकरून जीभ नव्या दातांस सरावेल. पुढले चार दात नसता माणूस काय करतो हे बाईसाहेब वीस वर्षे जाणत होत्या. जे ठाऊक होते ते त्यांनी लिहिले. एवढाच काय तो गुन्हा.

प्रथम एल्फ पक्षाची, म्हणजे एल्फांचे कैवारी वाचकांची, फौज चालून आली. तिची सेनापती शुभ्रकांती, जिची पाती इतकी धारदार की मागे दोन लेखिका लिहिणे सोडून विणकामास लागल्या. तिने हुकूम सोडला: "एल्फ अमर असतात. अमर बाईचे दात पडतीलच कसे? लिहिण्याआधी जरा अभ्यास करा."

तिचे पाठोपाठ खंडपाठी उतरले. यांस नवही खंड मुखोद्गत, आणि आजवर कोणाचे काही आवडल्याची नोंद यांचे नावे नाही. यांनी दाखला दिला: "खंड चार, पान दोनशे बारा. एल्फांच्या देहाला क्षय नाही. दात देहात येतात."

मग डाव्या अंगाने बुटक्यांचा सरदार हातोडा आला. एल्फ पक्षाशी यांचे सहा वर्षांचे हाडवैर. बाईसाहेबांस वाटले की ही आपली कुमक आली. ती कुमक म्हणाली: "ज्या लोहाराने डोंगराचे दरवाजे घडवले, त्याला तुम्ही दातांच्या दवाखान्यातला मदतनीस केलंत. आमचाही काही मान आहे की नाही?" आणि शुभ्रकांतीने त्यास पसंतीचा अंगठा दिला. नऊ खंडांत तीन महायुद्धे होऊन जो तह जाहला नाही, तो बाईसाहेबांचे चार दातांनी एका दुपारी घडविला. उभय कौमा गळ्यात गळे घालून बाईसाहेबांवर तुटून पडल्या. मध्येच एक बाई, जी सत्तेचाळीस प्रकरणांखाली एकच अर्ज गुदरत आली होती, तिने तो पुन्हा गुदरला: "दातांचं राहू द्या, राणीचं नि लोहाराचं लग्न कधी?"

एकूण तीनशे सोळा प्रतिक्रिया जाहल्या. पाहुणा क्रमांक ४०७ यांची नव्हती. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला.

कारखान्यात उस्ताद, म्हणजे कारखान्याचे धनी, यांनी ओळखले की बाईचे चित्त ठिकाणी नाही, कारण डावी दाढ उजवीकडे बसविण्याचा प्रकार वीस वर्षांत प्रथमच घडला होता. त्यांनी कारण पुसले. बाईसाहेब म्हणाल्या, "एकाला आवडत होतं, त्यालाही आता आवडेनासं झालं वाटतं." उस्तादांस हे कवळीविषयी वाटले. ते म्हणाले, "अगं, बसली की कोण कळवतंय? चिठ्ठी आली नाही म्हणजे बसली समजायचं." बोल शहाणपणाचा होता, परंतु बाईसाहेबांचे दारात तूर्त तीनशे सोळा चिठ्ठ्या पडल्या होत्या, सबब तो लागू पडला नाही.

मग घरी मसलत बसली. बाईसाहेबांचे यजमान मोटार शिकविण्याचे शाळेत शिक्षक. त्यांनी अठ्ठेचाळिसांपैकी एकही प्रकरण वाचले नव्हते, म्हणून सल्ला देण्यास ते पूर्ण मोकळे होते. आधी त्यांनी पुसले, "एल्फ म्हणजे ते लांब कानवालेच ना?" आणि खातरजमा होताच मसलत दिली: "दुसऱ्या नावाने लिही ना चार ओळी स्वतःसाठी. सगळे तेच करतात." मेणबाईसाहेबांनी हे मानले. बुडत्यास काडीचा आधार, आणि काडी यजमानांचे हातची.

सबब सोमवारी एक नवा शिलेदार उभा केला. नाव ठेविले 'निष्पक्ष वाचक'. त्याचे मुखी घालण्याचा मजकूर बाईसाहेबांनी दोन दिवस घोळविला, शब्द काढले, घातले, आणि अखेर बुधवारी चहाचे सुट्टीत तोफ डागण्याचे ठरले. परंतु डागण्याआधी मन राहवेना. पाहुणा आला की काय, हे पाहण्यास त्या आपले नावाने आत गेल्या. पाहुणा आला नव्हता. तो घाव सोसून, मागील दार लावण्याचे, म्हणजे आपले नावातून बाहेर पडण्याचे, विसरून, त्यांनी मजकूर तैसाच चढविला. आणि चार लाख वाचकांचे पोटमाळ्यावर, खुद्द लेखिकेचे नावाने, खुद्द लेखिकेचे चित्राशेजारी, ही अक्षरे उमटली: "मी या लेखिकेला ओळखत नाही, पण असं लिखाण रोज रोज होत नाही. राणीचे दात वाचून डोळे भरून आले."

बखरकाराने पुष्कळ पराभव लिहिले. जनावर उधळून आपलेच सैन्य तुडविल्याचेही लिहिले. परंतु शिपायाने स्वतःचीच तोफ स्वतःचे तोंडाशी धरून, वर शाबासकीही स्वतःच द्यावी, ऐसे लिहिण्याची पाळी प्रथमच आली.

हातोडा याने पुसले, "ताई, स्वतःला ओळखत नाही का तुम्ही? ओळख करून देऊ का?" शुभ्रकांती हसली, आणि ती हसल्याचे पाहून तिची समग्र फौज हसली. बाईसाहेबांनी मजकूर झटकन पुसला, परंतु खंडपाठी यांनी त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून, तारीख-वेळेनिशी दप्तरी लाविला होता. लग्नवाल्या बाईनेही लग्नाचे पुसले नाही, यावरून मामला किती हाताबाहेर गेला होता हे ध्यानी यावे.

मग मेणबाईसाहेबांस लाज वाटली. साधी लाज, जी कान तापविते आणि जेवू देत नाही. चेष्टेपरीस त्यांस हे लागले की, पाहुण्यानेही हे वाचले असेल. चार वर्षे ज्याने एक शब्दही वायफळ खर्चिला नाही, त्याचेपुढे आपण चार ओळींची भीक मागितली. त्यांनी निश्चय केला की गुरुवारी, जेवणाचे सुट्टीत, अठ्ठेचाळीसही प्रकरणे पुसून टाकावी आणि उरले आयुष्य ज्यास दात लागतात त्यास दात द्यावे.

गुरुवार उजाडला. बाईसाहेबांनी हातचे मेण पुसले, डबा उघडला नाही, फोन उघडला. पोटमाळ्याने रीतीप्रमाणे पुसले: सर्व प्रकरणे कायमची काढायची? होय आणि नाही, ऐसे दोन दरवाजे. बोट 'होय'वर ठेवण्याचे बेतात असता वरले अंगास घंटा हलली. नवी प्रतिक्रिया. पाहुणा क्रमांक ४०७.

मजकूर लांब होता. तो येथे जसाचा तसा उतरवून घेतला आहे:

"उशीर झाला, माफ करा. लिहायला वेळ लागतो, एका बोटाने लिहिते. चार वर्षांपूर्वी मला पूर्ण कवळी बसवली. शब्द नीट फुटेनात. डॉक्टर म्हणाले, रोज मोठ्याने वाचत जा. घरात वाचण्यासारखं काही नव्हतं, भाचीने तुमची गोष्ट लावून दिली. एल्फ काय, बुटके काय, मला काही माहीत नव्हतं. पण एक प्रकरण मोठ्याने वाचून झालं की भाचीला कळावं म्हणून खाली 'वाचलं' असं लिहायचे. पुढे भाची परगावी गेली. पण मी लिहीत राहिले. कवळी केव्हाच बसली, तरी वाचते. या वेळचं मात्र मोठ्याने वाचवेना. राणी रिकाम्या खोलीत आकडे मोजते तिथे थांबले, आठवडाभर तिथेच थांबले होते. मीही तोंडावर हात धरायचे. अजून लोकांत धरते. हे तुम्हाला कसं कळलं? खाली बाकीचे काय भांडतायत ते मला समजलं नाही. राणीने हात खाली घ्यावा असं वाटतं. पुढे?"

मेणबाईसाहेब रडल्या. या बखरीत बहुत ठिकाणी टोमणा आहे, या ठिकाणी नाही. वीस वर्षे त्यांनी तोंडे न पाहता दात दिले आणि चार वर्षे तोंडे न पाहता गोष्ट दिली, आणि आज कोणी एक तोंड उघडून बोलले होते. ती कवळी कोणत्या कारखान्यात घडली याचा शोध त्यांनी केला नाही, बखरकारानेही केला नाही. उस्ताद जवळून जात होते, त्यांनी पुसले, "काय गं, टोचते म्हणून आली का पुन्हा?" बाईसाहेब म्हणाल्या, "नाही. बसली म्हणून आलंय." उस्तादांनी आजवर तैसी चिठ्ठी पाहिली नव्हती, ते चष्मा शोधू लागले.

बोट 'नाही'वर पडले.

मग रणांगणाची काय अवस्था जाहली, तेही लिहिणे प्राप्त आहे. पाहुण्याचे पत्र उभय फौजांनी वाचले. मग खंडपाठी पुढे आले आणि त्यांनी शस्त्र ठेविले, परंतु आपले रीतीने: "पान दोनशे बारा पुन्हा पाहिलं. क्षय नाही असं म्हटलंय. गदेबद्दल ग्रंथकर्त्याने काहीच म्हटलेलं नाही." आणि स्क्रीनशॉट दप्तरातून काढून टाकिला. हातोडा म्हणाला, काही झालं तरी दात आमच्या लोहारानेच केले. शुभ्रकांती म्हणाली, लोहार तुमचा असेल, राणी आमची आहे. त्यावर हातोडा उखडला, आणि उभय कौमांचा तह मोडून सनातन वैर पूर्ववत सुरू जाहले, आणि मुलखात शांतता नांदू लागली. यजमानांनी घरी सांगितले की मसलत अखेर आपलीच फळास आली.

पुढले महिन्याचे पहिले गुरुवारी एकोणपन्नासावे प्रकरण चढले. त्यात राणी भर दरबारी उभी राहिली, आणि तिने तोंडावरला हात खाली घेतला, आणि लोहाराचे नाव घेऊन स्पष्ट उच्चारात म्हणाली की दात थोडे टोचतात. आणि लोहार हसला, आणि कानस घेऊन पुढे जाहला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. बाईसाहेबांकडील नुकसान: अब्रू काही अंशी, आणि एक दाढ चुकीचे बाजूस बसली ती. शत्रूकडील नुकसान: काही नाही, त्यांस आणखी विषय मिळाला. जिंकून आणिले ते खाली नोंदले आहे, आणि बाईसाहेबांचे दस्तुराने खरे केले आहे. प्रकरण चढल्या दिवशी, दुपारचे चहाचे आत, पाहुणा क्रमांक ४०७ यांजकडून, एक शब्द:

"वाचलं."